जेलरोडचा एकवीस इंची टीव्ही आणि पाच व्होल्ट

नाशिकरोडला जेलरोडच्या एका जुन्या सोसायटीत माझी मावशी आणि काका राहतात. काका प्रेसमधून निवृत्त झालेले. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांचा छापखाना, वर्तमानपत्राचा नव्हे. २०२०च्या दिवाळीनंतर त्यांचा डीव्हीडी प्लेअर गेला. ट्रे बाहेर यायचा, चकती आत घ्यायचा, दोनदा घुरघुरायचा आणि पडद्यावर 'नो डिस्क'. दुरुस्तीवाल्याने खोलूनही पाहिला नाही. लेन्स मिळत नाही म्हणाला आणि परत दिला.

शोकेसच्या खालच्या खणात चाळीस चकत्या होत्या. त्यातल्या पंचवीस व्हीसीडी, बाकीच्या डीव्हीडी. मुलीचं लग्न, भाच्याची मुंज, गावच्या सप्ताहातली कीर्तनं, आणि २००३च्या सिंहस्थात काकांनी रामकुंडावर उसन्या हँडीकॅमने केलेलं शूटिंग, जे नंतर एका स्टुडिओवाल्याने व्हीसीडीवर उतरवून दिलं होतं. यातलं काहीही इंटरनेटवर मिळणार नव्हतं. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे घरातलं काहीही बंद पडलं की फोन मलाच येतो. काकांनी बजेट एका वाक्यात सांगितलं: "पाच हजारांच्या वर जात असेल तर राहू दे, मी रेडिओ लावीन."

सगळ्यांचा पहिला सल्ला नवा स्मार्ट टीव्ही घ्या, हाच होता. बजेट बाजूला ठेवलं तरी तो मला पटला नाही, आणि त्याचं कारण हळवेपणा नव्हतं. आपल्याकडची व्हीसीडी ३५२ बाय २८८ ठिपक्यांची असते. पाल या आपल्याकडच्या जुन्या प्रसारण पद्धतीच्या टीव्हीवर चित्राच्या ५७६ ओळी असतात, म्हणजे व्हीसीडीच्या बरोबर दुप्पट. काकांच्या एकवीस इंची पिक्चर ट्यूबवर ते चित्र थोडं मऊ दिसतं, पण नीट दिसतं. तेच त्रेचाळीस इंची पॅनलवर ताणलं की नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. त्यात व्हीसीडीवरच्या फाइल डॅट नावाच्या असतात आणि बरेच टीव्ही पेनड्राइव्हवरून त्या ओळखतच नाहीत. माल जुना होता, तर पडदाही जुनाच बरा. प्रश्न फक्त चकत्या आणि टीव्ही यांच्या मधल्या डब्याचा होता.

बोर्ड

या भागात फार काही घडलं नाही. एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा प्रोजेक्ट संपला होता, त्याच्याकडून रास्पबेरी पाय ३, मॉडेल बी, हा एका बोर्डावर मावणारा छोटा संगणक सतराशे रुपयांत घेतला. पहिला पाय २०१२च्या २९ फेब्रुवारीला विक्रीला आला, तिसरा बरोबर चार वर्षांनी पुढच्या २९ फेब्रुवारीला. चार कोअरचा १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, एक जीबी रॅम, वायफाय बोर्डावरच. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: त्याच्या हेडफोनच्या भोकातून आवाजासोबत जुन्या टीव्हीला चालणारा व्हिडिओही बाहेर येतो. काकांच्या टीव्हीला एचडीएमआय नाही, मागे पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाची, अशी तीन भोकं आहेत. स्वस्तातल्या टीव्ही स्टिक तिथेच बाद झाल्या.

पायच्या मेमरी कार्डावर लिब्रेएलेक टाकलं. ही फक्त कोडी हे व्हिडिओ-गाणी लावायचं सॉफ्टवेअर चालवण्यापुरती बेतलेली छोटी लिनक्स प्रणाली. कोडी म्हणजे पूर्वीचं एक्सबीएमसी. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे बघता यावेत म्हणून सुरू झालेलं हे काम २०१४मध्ये नाव बदलून कोडी झालं. लॅपटॉपवरून कार्ड लिहायला दहा मिनिटं लागली. चकत्या उतरवायला मात्र तीन रविवार गेले, कारण ओरखडे पडलेल्या व्हीसीडी ड्राइव्हमध्ये अडकून बसायच्या आणि प्रत्येक अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा वाचून बघावं लागायचं. दोन चकत्या शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. मुंजीचा दुसरा भाग त्यातच गेला.

पिवळी पिन लाल भोकात

एमजी रोडवरून दीडशे रुपयांची केबल आणली. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना. रंगाला रंग जोडून लावली तर पडदा काळा आणि स्पीकरमधून जात्यासारखी घरघर.

ही घरघर म्हणजेच निदान होतं. चित्राचा सिग्नल आवाजाच्या भोकात गेला की स्पीकर असाच ओरडतो. त्या पिनेवर चार पट्टे असतात. पायमध्ये टोकापासून क्रम असा: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची तार) आणि सगळ्यात मागे व्हिडिओ. हँडीकॅमसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच केबलींत व्हिडिओ आणि उजवा आवाज यांच्या जागा उलट असतात. म्हणून पिवळी पिन लाल भोकात आणि लाल पिन पिवळ्या भोकात घातली. चित्र आलं. काही केबलींत ग्राउंडच शेवटच्या पट्ट्यावर असतो. तशी केबल मिळाली तर कितीही अदलाबदल करा, उपयोग नाही. तेव्हा मल्टिमीटर खिशात असेल तर दुकानातच कंटिन्यूटी, म्हणजे कुठला पट्टा कुठल्या पिनेला जोडलाय ते, बघून घ्यावी. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू द्यावं.

चित्र आलं, पण कृष्णधवल. काका म्हणाले, "एशियाडच्या आधीचा जमाना आणलास की रे." पाय मुळात अमेरिकन एनटीएससी पद्धतीने चित्र सोडतो आणि हा टीव्ही फक्त पाल समजणारा. कार्डावरच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये एसडीटीव्ही मोडची ओळ घालून आकडा २ केला आणि नऊवारीला रंग चढला. चित्राच्या कडा टीव्ही खात होता. त्यासाठी कोडीत पडद्याचं माप बसवायची सोय आहे, दोन्ही कोपरे आत ओढून घेतले. आवाज एचडीएमआयकडे जात होता, तो ॲनालॉगवर आणला.

पाच व्होल्ट

इथे मी चुकलो, आणि मेंटेनन्सवाला असून चुकलो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

घरात जुन्या लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क पडून होती. तिला साडेतीनशेचा डबा घेऊन यूएसबीने जोडली. पायला मोबाईलचा चार्जर दिला, त्यावर ५ व्होल्ट २ ॲम्पिअर छापलेलं, सोबत ड्रॉवरमधली एक मीटरची केबल. मेनू दिसायचा. कीर्तन लावलं की दहा-पंधरा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची, डिस्क टिकटिक करायची आणि चित्र गोठायचं. बोर्डावरचा लाल दिवा मधूनच विझायचा. मी आधी कार्डाला दोष दिला, मग डिस्कला, मग त्या सतराशेच्या बोर्डाला. कार्ड दोनदा नव्याने लिहिलं. अंबडहून सुटून द्वारकेच्या सर्कलवरून जेलरोडला, असे आठवड्यात चार फेरे झाले.

पाचव्या फेरीला मल्टिमीटर नेला, जो पहिल्या दिवशीच न्यायला हवा होता. चार्जरच्या तोंडाशी ५.०२ व्होल्ट. बोर्डावर, दुसऱ्या (पाच व्होल्टच्या) आणि सहाव्या (ग्राउंडच्या) पिनेमध्ये, डिस्क फिरत असताना ४.५२. पायमध्ये व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की ती पिवळी वीज दिसते आणि लाल दिवा जातो. तो दिवा आठवडाभर माझ्याशी बोलत होता, मीच ऐकत नव्हतो.

मधला अर्धा व्होल्ट केबलने खाल्ला होता. चार्जिंगच्या स्वस्त केबलींत वीज वाहून नेणारी तार बहुधा अमेरिकन मोजणीतली २८ गेजची असते, केसासारखी. तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाण्याची आणि येण्याची तार मिळून ०.४२. बोर्ड आणि डिस्क मिळून १.२ ॲम्पिअर ओढत असतील तर गुणाकार अर्ध्या व्होल्टवर जातो. तेच २० गेजच्या जाड तारेत मीटरला ०.०३३ ओहम, म्हणजे घट ०.०८ व्होल्ट. फॅक्टरीत मोटार गरम झाली की आम्ही आधी केबलचं माप विचारतो. घरी मात्र चार्जरवरचा आकडा वाचून समाधान मानलं.

दोन बदल केले. पायसाठीच बनवलेला ५.१ व्होल्ट, २.५ ॲम्पिअरचा, जाड तार जोडूनच आलेला अडॅप्टर साडेचारशेला घेतला. तो जास्तीचा ०.१ व्होल्ट तारेतली घट भरून काढायलाच ठेवलेला असतो. आणि डिस्क काढून टाकली. हिशोब केल्यावर लक्षात आलं की व्हीसीडी तासाला साधारण साडेसहाशे एमबी खाते. सगळ्या चकत्या मिळून ऐंशी जीबीसुद्धा होत नव्हत्या. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरला. डिस्क फक्त 'घरात आहे' म्हणून घातली होती. पेनड्राइव्ह मात्र एनटीएफएस पद्धतीने फॉर्मॅट करून घ्यावा लागला, कारण फॅट ३२मध्ये चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि लग्नाची जोडून केलेली अख्खी फाइल त्याहून मोठी होती.

त्यानंतर ती पिवळी वीज दिसलेली नाही.

रिमोट

एचडीएमआयचा टीव्ही असता तर टीव्हीच्याच रिमोटने कोडी चाललं असतं, सीईसी नावाची ती सोय त्याच तारेतून येते. जुन्या टीव्हीला ती नाही. मी आधी मोबाईलवर कोडीचं रिमोटचं ॲप घालून दिलं. काकांनी ते दोन दिवस वापरलं. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "फोन यांच्या हातात, आणि फोन वाजला की कीर्तन आडवं." मग छोटा वायरलेस कीबोर्ड आणून दाखवला, तो तर त्यांनी हातातही धरला नाही.

त्यांना जो रिमोट हवा होता तो शोकेसवरच पडला होता. मेलेल्या डीव्हीडी प्लेअरचा. पंधरा वर्षं तोच रिमोट हातात, पॉज कुठे आहे हे अंगठ्याला ठाऊक. प्लेअर मेला तरी रिमोट जिवंत होता. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की पुढचा दिवा लुकलुकताना दिसायचा.

पार्टच्या दुकानातून रिमोटचा इशारा पकडणारा, तीस रुपयांचा टीएसओपी १७३८ सेन्सर आणला. सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांत हाच असतो. पण त्याला नियमाने ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. पाच व्होल्ट दिले तर त्याच्या बाहेर येणाऱ्या सिग्नललाही पाच व्होल्टच येतात आणि ते पायच्या पिनेला सोसत नाहीत. ३.३वर तो चालला, पण टीव्हीसमोर उकिडवं बसल्यावरच. सोफ्यावरून नाही. म्हणून २.५ व्होल्टपासून चालणारा टीएसओपी ३८२३८ मागवला, किंमत चाळीस रुपये. दिसायला दोघे जुळे भाऊ, पायांचा क्रम मात्र वेगळा. १७३८मध्ये ग्राउंड, पुरवठा, सिग्नल. ३८२३८मध्ये सिग्नल, ग्राउंड, पुरवठा. जुन्याच्या जागी नवा तसाच खोचला असता तर उलटा पुरवठा मिळून भाजला असता. मी खोचलाच होता, चालू करायच्या आत डेटाशीट (सेन्सरचं माहितीपत्रक) आठवलं. पुरवठा पहिल्या पिनेवरून, ग्राउंड सहाव्या, सिग्नल बाराव्या पिनेला, म्हणजे पायच्या भाषेत जीपीआयओ १८ला.

कॉन्फिग फाइलमध्ये इन्फ्रारेडची एक ओळ घातली, मग लॅपटॉपवरून पायमध्ये शिरून एकेक बटण दाबत गेलो. प्रत्येक बटणाचा आकडा पडद्यावर येतो, तो वहीत उतरवायचा आणि कोडीच्या कामाशी जोडायचा. रिमोटवर चव्वेचाळीस बटणं होती. जोडली फक्त आठ: वर, खाली, डावं, उजवं, एंटर, मागे, प्ले-पॉज आणि स्टॉप. बाकीची दाबली तरी काही होत नाही. मावशीने तरीही त्यांच्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावली, "उगाच शंका नको" म्हणून.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात कामाचे पैसे ते चाळीस रुपये. त्या दिवसापासून काका माझ्याशिवाय टीव्ही लावायला लागले.

अक्षरं आणि भिंतीवरचं बटण

फोल्डरांना मी हौसेने मराठी नावं दिली होती. कोडीच्या त्या अठराव्या आवृत्तीत देवनागरी मोडून दिसायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. 'कीर्तन'चा रफार हवेत. फॉन्ट बदलून पाहिला, त्याने काही अक्षरांच्या जागी येणारे चौकोन तरी गेले, पण जोडणी सुधारेना. अक्षरं जुळवण्याचं काम कोडीचं होतं, फॉन्टचं नव्हे. रोमनमध्ये लिहिलं तर मावशीला वाचायला वेळ लागायचा. शेवटी तिनेच पाटीएवढ्या कागदांवर स्केचपेनने नावं लिहिली: 'लग्न', 'मुंज', 'सिंहस्थ', 'कीर्तन – पहिला दिवस'. मी त्यांचे फोटो काढून प्रत्येक फोल्डरमध्ये 'फोल्डर' या नावाने चित्र म्हणून ठेवले. कोडी ते आपोआप फोल्डरचं मुखपृष्ठ म्हणून दाखवतं. एकवीस इंची पडद्यावर कुठल्याही फॉन्टपेक्षा ते जास्त वाचता येतं.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन: "आवाज गेला, आणि ते इंग्रजीत काहीतरी स्वागत करतंय." जाऊन पाहिलं तर सेटिंगची फाइल शून्य बाइटची. कारण उघड होतं. काका रात्री साडेनऊला भिंतीवरचं बटण बंद करतात. गिझर, इस्त्री, टीव्ही, सगळं भिंतीवरच बंद, चाळीस वर्षं. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली कार्डावर फक्त वाचण्यापुरती असते, ती अशा बंद करण्याने बिघडत नाही. पण सेटिंग ज्या भागात लिहिली जातात तिथे लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. आवाज पुन्हा एचडीएमआयकडे गेला होता.

"आधी रिमोटने बंद करा, मग बटण" हे मी एकदा सांगून पाहिलं. काका हो म्हणाले, त्या रात्री विसरले. त्यात चूक काही नाही. दिवे जातात तेव्हा वीजही कुठे रिमोटने जाते? म्हणून त्यांची सवय तशीच ठेवून यंत्र बदललं. लिब्रेएलेकमध्ये कोडी सुरू होण्याआधी चालणारी एक छोटी फाइल ठेवता येते. तिच्यात एवढंच लिहिलं की चांगल्या सेटिंगची जपून ठेवलेली प्रत दर वेळी मूळ जागी उतरव, मग कोडी सुरू कर. रात्री काहीही मोडो, सकाळी पाटी कोरी. शिवाय सगळं नीट लागलेल्या कार्डाची दुसऱ्या कार्डावर हुबेहूब प्रत काढली आणि पाकिटात घालून टीव्हीच्या मागे चिकटवली.

बाकी किरकोळ. बोर्ड चिवड्याच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात बसवला, वर-खाली भोकं पाडली, चिपवर उष्णता बाहेर टाकणारा साठ रुपयांचा हीटसिंक. एप्रिलमध्ये दुपारी तापमान सत्तरच्या आसपास जायचं. ऐंशीपासून पाय स्वतःचा वेग कमी करतो, तिथवर गेलं नाही. पुण्याच्या भाचीने आयफोनवर काढलेला बारशाचा व्हिडिओ मात्र अडखळत चालला, कारण तो एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीचा आणि पाय ३मध्ये ती उलगडणारं हार्डवेअर नाही. एच २६४ या जुन्या पद्धतीचं आहे. लॅपटॉपवर रात्रभर रूपांतर लावून तो प्रश्न मिटवला.

हिशोब

बोर्ड १७००, अडॅप्टर ४५०, सोळा जीबीची दोन कार्डं ७००, पेनड्राइव्ह ११००, केबल १५०, सेन्सर ४०, हीटसिंक ६०, वायरी ५०. एकूण ४२५०. वाया गेलेला डिस्कचा डबा आणि पहिला सेन्सर धरून ४६३०. पेट्रोल आणि तीन रविवार काकांनी विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत.

हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. टीव्हीला एचडीएमआय असेल आणि फाइल साध्या असतील, तर पेनड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत घालून आधी बघावा. निम्म्या घरांचं काम तिथेच होतं. आणि जुन्या टीव्हीसाठी बोर्ड घेणार असाल तर नवा म्हणजे चांगला असं धरून चालू नका. २०२३मध्ये आलेल्या पाय ५ला हेडफोनचं भोकच नाही, ॲनालॉग व्हिडिओसाठी बोर्डावर डाग मारावा लागतो. एच २६४चं हार्डवेअरही त्यातून काढलं आहे, प्रोसेसरच्या जोरावर ते चालतं. या कामाला जुना तीनच बरा.

एक गोष्ट तशीच राहिली. पाय ३चा ॲनालॉग आवाज खऱ्या ऑडिओ चिपमधून येत नाही, पिनेची चालू-बंद फार वेगाने करून तो बनवलेला असतो. त्यामुळे बुवा टाळ थांबवून श्वास घेतात तेव्हा मागे बारीक 'सूं' ऐकू येतं. यूएसबीचं साउंड कार्ड लावलं तर जाईल. काकांना ते ऐकू येत नाही. मावशीला येतं, पण तिचं म्हणणं तो सप्ताहाच्या मंडपातला जनरेटर आहे.